सव्वीस-अकरा मुलांना सांगताना : कल्याणच्या एका घराचे प्रकरण

बुधवार, 26 नोव्हेंबर 2008, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचा दिवस. कल्याण पश्चिमेतले दोन खोल्यांचे घर. वडील फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरीला, रोज फास्ट लोकलने सीएसटीला (पूर्वीचे व्हीटी, आताचे सीएसएमटी) उतरणारे. त्या दिवशी ते साडेआठलाच घरी आले होते. घरात आई, आजी, पाचवीत जाणारा दहा वर्षांचा थोरला आणि बालवाडीतली पाच वर्षांची धाकटी. हे कुटुंब अभ्यासासाठी उभे केलेले आहे. उपनगरात राहणाऱ्या आणि दक्षिण मुंबईत पोट असणाऱ्या घरांत अशा वेळी जे घडते, ते त्यात एकत्र आणले आहे. हल्ल्याच्या जागा, वेळा आणि आकडे मात्र खरे आहेत.

रात्री दहाच्या सुमारास शेजाऱ्यांनी दार ठोठावून सांगितले, "व्हीटीला गोळीबार झालाय, टीव्ही लावा." तो टीव्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन दिवस, चालूच राहिला. मधे फक्त मोठ्यांची झोप झाली, तीही आळीपाळीने.

शनिवारपर्यंत घरात पुढची लक्षणे दिसू लागली होती. धाकटीने दोन रात्री अंथरूण ओले केले, जे वर्षभरात झाले नव्हते. वडील संडासात गेले तरी ती दाराबाहेर उभी राहायची. थोरल्याच्या पोटात दुखत होते, पण डॉक्टरांना काही सापडले नाही. गुरुवारी मुंबईतल्या शाळा बंद राहिल्याची बातमी त्याने ऐकली आणि सोमवारी आपल्या शाळेत जायलाही नकार दिला. शुक्रवारी तो आजीला म्हणाला, "आता सगळीकडे आहेत ते. पार्ल्यालापण आहेत."

या प्रकरणाचे मर्म त्या "सगळीकडे"मध्ये आहे.

एकाच वेळी अनेक ठिकाणी

एखादा बॉम्बस्फोट किंवा रेल्वे अपघात मुलाला समजतो, कारण त्याला जागा असते. तिथे झाले, इथे नाही, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळते. समन्वित हल्ला नेमका हाच आधार काढून घेतो. सीएसटी, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाउस, कामा हॉस्पिटलचा परिसर, मेट्रो सिनेमाजवळचा रस्ता अशी नावे एकामागून एक येत राहिली. त्यात दोन टॅक्सींत स्फोट झाले, एक माझगावला वाडीबंदरला आणि दुसरा थेट विलेपार्ल्याला. पार्ल्याचे नाव ऐकल्यावर मुलाने हिशेब केला : कुलाबाही आहे, पार्लेही आहे, मग कल्याण का नाही? हा हिशेब चुकीचा असला तरी अतार्किक नाही. टॅक्सीत हल्लेखोरांनी आधीच बॉम्ब ठेवला होता, टॅक्सी भाडे घेऊन पुढे गेली आणि वाटेत तो फुटला. पार्ल्याला कोणी हल्लेखोर गेलाच नव्हता. हे त्या घरात मुलाला कोणी सांगितले नव्हते, कारण मोठ्यांनाही ते तेव्हा माहीत नव्हते.

म्हणून अशा वेळी समजावण्याचे काम म्हणजे घटनेला काठ देणे. किती जण होते, कुठे होते, कधी सुरू झाले, कधी संपले. "का" हा प्रश्न नंतरचा. मोठी माणसे बहुधा उलट करतात, कारण त्यांना स्वतःला "का"ने पछाडलेले असते.

त्या तीन दिवसांत काय चुकले

पहिली चूक टीव्हीची. ताजच्या घुमटाशेजारच्या ज्वाळा आणि धूर हे दृश्य वाहिन्यांनी शेकडो वेळा दाखवले. मोठ्यांना ते आदल्या रात्रीचे चित्रण आहे हे कळते. पाच वर्षांच्या मुलीला कळत नाही. प्रत्येक वेळी नवीन इमारत पेटली असे तिला वाटते. कोपऱ्यात लिहिलेले "काही वेळापूर्वी" तिला वाचता येत नाही. ती खेळत असली, पाठ करून बसली असली, तरी तिचे कान टीव्हीकडेच असतात. "ती बघत नव्हती हो" हे वाक्य पालकांकडून फार ऐकू येते, आणि ते जवळजवळ नेहमी चुकीचे असते.

दुसरी चूक : "काही नाही झालं, झोप तू." आईचा आवाज कापत होता, आजी देवापाशी बसली होती, शेजारी आत-बाहेर करत होते. काहीतरी झाले आहे हे मुलाला दिसतेच. त्यावर "काही नाही" ऐकले की तो एवढेच शिकतो, की या विषयावर घरात विचारायचे नाही. मग तो जिन्यातल्या मोठ्या मुलांना विचारतो. या घरातही तसेच झाले.

तिसरी चूक सगळ्यांत प्रेमाने केलेली. गुरुवारी वडिलांनी शब्द दिला, "आता कमांडो आलेत, आता सीएसटीला काही होणार नाही." शुक्रवारी 28 तारखेला दुपारी सीएसटीला पुन्हा गोळीबार झाल्याची आवई उठली. वाहिन्यांनी ती चालवली, लोक पळाले. काही वेळाने ती खोटी ठरली. तोवर वडिलांचा शब्द मुलाच्या लेखी मोडला होता. जे आपल्या हातात नाही त्याची हमी द्यायची नाही, हा नियम एवढ्याचसाठी आहे.

चौथी चूक छोटी दिसते. मामांनी फोनवर विचारले तेव्हा आई मुलासमोरच म्हणाली, "अहो, हे रोज त्याच हॉलमधून येतात. दोन तास उशीर झाला असता तर..." वाक्य तिथेच तुटले. तुटलेले वाक्य मूल स्वतः पूर्ण करते.

शुक्रवार संध्याकाळ : पहिले बोलणे

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतल्या एका बाईंशी आईचे फोनवर बोलणे झाले आणि त्यानंतर घरात बदल झाला. टीव्ही बंद केला. बातम्या दिवसातून दोनदा, मुले दुसऱ्या खोलीत असताना, दहा मिनिटे ऐकायच्या असे ठरले. हे आजीला सर्वांत जड गेले; तिच्यासाठी रेडिओ स्वयंपाकघरात ठेवला.

मग बोलणे. दोन्ही मुलांशी एकत्र नाही, वेगवेगळे. दहा वर्षांच्या मुलाचे प्रश्न पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात नवी भीती घालतात.

धाकटीला आईने मांडीवर घेऊन विचारले, "टीव्हीवर काय दिसलं गं तुला?" ती म्हणाली, "खूप हॉटेलं जळाली." इथे सांगण्याआधी विचारणे किती मोलाचे ते दिसते. मोठ्यांना वाटत होते ती बंदुकांना घाबरली आहे. तिची भीती आगीची होती, आणि आपल्या गॅसची.

आईचे उत्तर चार वाक्यांचे : "खूप हॉटेलं नाही जळाली. तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. काही वाईट माणसांनी तिथे लोकांना मारलं, आणि पोलीस, सैनिक त्यांना थांबवतायत. ते आपल्या घरापासून लांब आहे, आणि बाबा इथे आहेत." एवढे पुरे. पाच वर्षांच्या मुलाला चौथ्या-पाचव्या वाक्यापुढे काही पोहोचत नाही. तो वेळ जवळ बसून घालवावा.

यात काही शब्द जाणूनबुजून टाळले आहेत. "राक्षस" म्हटले नाही, कारण राक्षस पलंगाखालीही असतात. माणसे पकडता येतात. "वेडे लोक" म्हटले नाही, कारण मग स्टेशनवर स्वतःशी बोलणारा गरीब माणूस मुलाला हल्लेखोर वाटू लागतो. मेलेल्यांना "झोपले" म्हटले नाही. ज्या घरात मूल आधीच झोपायला घाबरते तिथे तर मुळीच नाही. "मेले, आता परत येणार नाहीत, त्यांच्या घरच्यांना खूप वाईट वाटतंय," हे पाच वर्षांचे मूल पेलू शकते.

रविवार : कॅलेंडरच्या मागे काढलेला नकाशा

थोरल्याशी खरे बोलणे रविवारी 30 तारखेला झाले. शनिवारी सकाळी ताजमधली कारवाई संपली होती आणि जिवंत पकडलेल्या एका हल्लेखोराकडून एकूण दहा जण आल्याचे बाहेर आले होते. तोवर आकडे पंधरा, वीस, पंचवीस असे काहीही चालू होते. आकडा निश्चित नसताना "अजून नक्की कळलेलं नाही, कळलं की सांगेन" एवढेच म्हणावे. अंदाज सांगू नये. मूल सगळ्यांत मोठा आकडा लक्षात ठेवते.

वडिलांनी जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि मुलाकडूनच रेघ काढून घेतली : कल्याण, डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, भायखळा, मशीद, सीएसटी. ही वाट त्याला पाठ होती. अंतर सुमारे 54 किलोमीटर. मग सीएसटीच्या खाली कुलाब्यापर्यंतचा निमुळता भाग आणि भोवती समुद्र. कुलाब्याच्या मच्छीमार कॉलनीशी एक होडी. कराचीहून निघून, वाटेत "कुबेर" नावाची मासेमारीची भारतीय बोट बळकावून, शेवटचा टप्पा रबरी होडीने करत ते दहा जण इथे उतरले.

दहा जणांच्या पाच जोड्या. मुलाने पाच पेन्सिलींनी पाच रेघा ओढल्या. एक जोडी सीएसटीला, तिथून कामा हॉस्पिटलकडे आणि पुढे गिरगाव चौपाटीपर्यंत. एक लिओपोल्डला आणि तिथून ताजला. एक थेट ताजला. एक ओबेरॉयला, एक नरिमन हाउसला. प्रत्येक रेघेच्या शेवटी त्याने फुली मारली : नऊ मेले, एक पकडला. दोन टॅक्सींसाठी वेगळा रंग, आणि शेजारी वडिलांनी लिहिले, "इथे माणूस नव्हता, आधी ठेवलेला बॉम्ब होता."

सगळ्या रेघा कागदाच्या खालच्या तळहाताएवढ्या भागात मावल्या. वर कल्याणपर्यंतचा कागद कोरा राहिला. "सगळीकडे"चे उत्तर त्या कोऱ्या कागदाने दिले. हल्ला लहान होता असे यातून सुचवायचे नाही. 166 माणसे गेली आणि तीनशेहून जास्त जखमी झाली, हेही त्याच बैठकीत सांगितले. मुलाने कुठे ना कुठे ऐकलेला आकडा घरात दाबून ठेवण्यात अर्थ नसतो. मात्र "एवढ्या मोठ्या शहरात एवढेच" असला टक्केवारीचा दिलासा देऊ नये. त्याने कोणालाही धीर येत नाही, मोठ्यांनाही नाही.

नकाशाचे काम अर्ध्या तासात आटोपावे. मुलाने स्वतःहून विषय बदलला, क्रिकेटवर आला, तर ओढून परत आणू नये. दहा वर्षांची मुले अवघड गोष्ट तुकड्या-तुकड्याने घेतात. तास-दोन तासांनी, बहुधा जेवताना, पुढचा प्रश्न येतो.

जेवताना आलेले प्रश्न

"आपल्या पोलिसांकडे बंदुका नव्हत्या का?"

या प्रश्नावर पालक सरळ शूरवीरांकडे वळतात. तसे करण्याआधी खरे उत्तर द्यावे : सीएसटीवर अनेक पोलिसांकडे लाठ्या किंवा जुन्या रायफली होत्या, हल्लेखोरांकडे एके-47; एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यावे लागले आणि त्यात रात्र गेली. मोठ्यांच्या व्यवस्थेत उणीव होती हे दहा वर्षांच्या मुलापासून लपवले, तर पुढे तो आपल्या कुठल्याच उत्तरावर भरवसा ठेवत नाही. नंतरच्या काळात या प्रश्नाला दुसरा भागही जोडता आला : राज्याने राम प्रधान समिती नेमली, मुंबईत एनएसजीचे केंद्र आले, राज्य पोलिसांचे फोर्स वन हे कमांडो पथक उभे राहिले, किनाऱ्यावरची गस्त वाढली.

त्यानंतर माणसे. तुकाराम ओंबळे यांनी चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, पण ती सोडली नाही. म्हणून एक जण जिवंत सापडला आणि सगळा कट कळला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस अधिकारी गेले. मुलाला मात्र न मेलेली, कामावर असलेली माणसे जास्त उपयोगी पडतात. सीएसटीवर विष्णू झेंडे रोज गाड्यांची घोषणा करत. त्या रात्री त्यांनी केबिनमधून माइकवर लोकांना बाहेर पडायला सांगत राहून कितीतरी जणांना वाचवले. कामा हॉस्पिटलमध्ये परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना सुरक्षित खोलीत नेले, दिवे मालवले. थोरल्याने "माइकवाल्या काकांची" गोष्ट दोनदा सांगायला लावली. त्या आवाजातल्या घोषणा त्याने ऐकल्या असण्याची शक्यताच जास्त, ही त्याच्यासाठी खरी गोष्ट होती. फक्त बलिदानाच्या कथा सांगितल्या तर मूल असे शिकते, की चांगली माणसे मरतात.

"ते का आले?"

"पाकिस्तानात लष्कर-ए-तय्यबा नावाची संघटना आहे. तिने त्यांना शिकवून पाठवलं. भारतातल्या लोकांनी घाबरून एकमेकांशी भांडावं असं त्यांना हवं होतं." याहून जास्त राजकारण दहाव्या वर्षी नको. काश्मीर, फाळणी, देशांचे संबंध हे सातवी-आठवीनंतरचे काम.

"मग आपण तळमजल्यावरच्याशी खेळायचं नाही ना?"

तळमजल्यावरचा मुसलमान मुलगा थोरल्याच्या क्रिकेट टीममधला. जिन्यातल्या कोणीतरी "ते लोक" असे म्हटले होते. इथे आई पटकन म्हणाली, "सगळे धर्म सारखेच असतात बाळा." हे उत्तर बरोबर असले तरी मुलाला ते पुस्तकातले वाटते. वडिलांनी घटना सांगितल्या. सीएसटीवर मेलेल्यांत मुसलमान प्रवासीही बरेच होते. गोळी झाडणाऱ्याने तिकीट की नाव काहीच विचारले नाही. पुढच्या काही दिवसांत आणखी एक गोष्ट कळली : मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला नकार दिला, आणि डिसेंबरातल्या बकरी ईदला अनेकांनी काळ्या फिती लावल्या. "त्यालाच विचार, तो पण घाबरलाय का," असे सांगून वडिलांनी मुलाला खाली पाठवले. तो मुलगा दोन दिवस घराबाहेरच आला नव्हता; त्याच्या घरच्यांनी त्याला अडवले होते. मुलांना एकमेकांविषयी कळायला एवढे पुरले.

सोमवार : पुन्हा लोकल

सोमवारी 1 डिसेंबरला वडील कामावर निघाले, आणि खरी कसोटी तिथे होती. पहाटे चपला घालून गुपचूप सटकण्याचा बेत आजीने मोडला, योग्यच केले. गुपचूप गेलेले माणूस परत येईपर्यंत मुलाच्या डोक्यात हरवलेलेच असते.

दिलेला शब्द मोजून-मापून होता : "पोचलो की फोन करीन. लाइन लागली नाही तर उशीर होईल; उशीर म्हणजे काही झालं असं नाही." मोठ्या घटनेनंतर मोबाइलच्या लाइनी कोंडतात. "साडेनऊला फोन येईल" असे नेमके सांगितले की नऊ एकतीसला घरात धाकधूक सुरू होते. प्रत्येक स्टेशनवरून एसएमएस करण्याची मागणी थोरल्याने केली, ती नाकारली; अशी तपासणी एकदा सुरू झाली की ती वाढतच जाते.

त्याच दिवशी एक कागद तयार झाला : आई-बाबांचे नंबर, शाळेचा नंबर, शेजारच्या काकूंचा, आणि नाशिकच्या मामांचा. शहरात फोन लागत नसतील तर सगळ्यांनी नाशिकला निरोप द्यायचा. बाहेरगावची लाइन पुष्कळदा आधी लागते. दुसरा नियम, आई-बाबा आले नाहीत तर शाळेतून फक्त काकूंबरोबर निघायचे. मुलाला करण्यासारखे काही दिले की पोट कमी दुखते. हे थोरल्याच्या बाबतीत दिसले.

बुधवारी, 3 डिसेंबरला, सीएसटीवर बेवारस सामानाच्या ढिगात स्फोटके सापडली. शनिवारी "संपलं" म्हटले होते. या वेळी घरच्यांनी बातमी मुलापर्यंत बाहेरून पोहोचायची वाट पाहिली नाही. "त्या रात्रीची एक बॅग राहिली होती. ती सापडली आणि पोलिसांनी निकामी केली. नवीन कोणी आलं नाही." वडिलांनी तोच नकाशा काढून सीएसटीच्या ठिकाणी पेन्सिलीने बारीक टिंब केले. नवी माहिती जुन्याच कागदावर बसली, वेगळा हल्ला झाला नाही.

खेळ, झोप, आणि कधी थांबू नये

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुले "ताज-ताज" खेळू लागली : उशांचे हॉटेल, पट्टीची बंदूक. आजीला ते अभद्र वाटले. पण खेळ अडवायचा नसतो, बघायचा असतो. गोष्ट पुढे सरकते का? कोणी वाचते का, दार उघडते का? धाकटीच्या खेळात चौथ्या-पाचव्या दिवशी अँब्युलन्स आली आणि ती सगळ्यांना बिस्किटे वाटू लागली. तिथे काळजी संपली. तेच मरण, त्याच क्रमाने, न हसता, दिवसेंदिवस चालू राहिले तर मात्र मदत घ्यावी.

झोपेसाठी फार काही करावे लागले नाही. दोन आठवडे धाकटी आईजवळ झोपली, दिवा मंद ठेवला, अंथरूण ओले झाले तर न बोलता बदलले. तिसऱ्या आठवड्यात ती आपल्या जागी गेली. थोरल्याच्या बाबतीत चेन्नईचा क्रिकेट कसोटी सामना कामी आला : कटकच्या सामन्यानंतर हल्ल्यामुळे मायदेशी गेलेला इंग्लंडचा संघ परत आला, आणि 15 डिसेंबरला भारताने 387 धावांचा पाठलाग पूर्ण केला. सचिनने नाबाद 103 केल्या आणि ते शतक मुंबईकरांना अर्पण केले. घरातला टीव्ही पुन्हा सगळ्यांसमोर लागला तो त्या सामन्यासाठी.

पहिल्या महिन्यात दचकणे, चिकटून राहणे, पोटदुखी, चिडचिड ही स्वाभाविक असते. महिना उलटूनही ती ओसरत नसतील, मूल शाळा टाळत असेल, रात्री तेच स्वप्न पाहत असेल, किंवा पूर्वीसारखे हसतच नसेल, तर बालमानसतज्ज्ञांकडे न्यावे. आज मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. मुलांसाठी 1098 आहे. ज्याच्या घरातले कोणी गेले किंवा ज्याने समोर पाहिले, त्या मुलासाठी महिनाभर थांबायचेच नाही. सीएसटीवर पायाला गोळी लागलेल्या नऊ वर्षांच्या मुलीने पुढे न्यायालयात साक्ष दिली. तिच्यासारख्या मुलांचे प्रकरण वेगळे आहे, आणि नकाशा-पेन्सिलीवर भागणारे नाही.

पुन्हा पुन्हा येणारा विषय

एकदा समजावले की झाले, असे होत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये कसाबला येरवड्यात फाशी झाली तेव्हा थोरला चौदा वर्षांचा होता, आणि त्याचा प्रश्न होता, "मग पाठवणाऱ्यांचं काय?" धाकटी नऊ वर्षांची, तिला आता पहिल्यांदा नकाशा हवा होता. कॅलेंडरचे पान ठेवलेले होते म्हणून बरे झाले. एप्रिल 2025 मध्ये या कटातला आरोपी तहव्वुर राणाला अमेरिकेतून आणले तेव्हा तोच विषय आजच्या पाचवीतल्या मुलांपुढे आला, ज्यांचा जन्मच हल्ल्यानंतरचा.

या नव्या मुलांसाठी अडचण उलटी आहे. थेट प्रक्षेपणाचा धोका कमी झाला : कारवाई चालू असताना पाकिस्तानात बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते, त्यावर 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडसावले, आणि 2015 पासून नियमानेच अशा कारवाईचे थेट चित्रण बंद आहे. पण मोबाइलवर सीएसटीच्या सीसीटीव्हीचे तुकडे संगीत लावून फिरतात, आणि त्याला वेळ, तारीख, ठिकाण काहीच नसते. काठ पुन्हा गेले. तिथे पालकाने तोच व्हिडिओ मुलाबरोबर थांबवून विचारावे : हे कधीचे, कुठले, कोणी टाकले, पुढे काय झाले.

शाळांत 26 नोव्हेंबरला 2015 पासून संविधान दिनही असतो. एकाच परिपाठात उद्देशिकेचे वाचन आणि शहिदांना श्रद्धांजली येते, आणि पहिलीपासून दहावीपर्यंत सगळी मुले एकत्र उभी असतात. पहिली-दुसरीच्या रांगांसमोर मोठ्या पडद्यावर ताजच्या आगीची छायाचित्रे लावू नयेत. त्यांच्यासाठी उद्देशिका आणि दोन मिनिटे शांतता पुरते. छायाचित्रे, नकाशा, पोलिसांच्या त्रुटी हे सगळे वर्गात, सातवीपासून पुढे, प्रश्न विचारायला तासिका मोकळी ठेवून. आणि ज्या मुलाचे आई-वडील रेल्वेत, पोलिसांत किंवा कामा-जेजेसारख्या रुग्णालयांत नोकरीला आहेत, त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की उद्या हा विषय निघणार आहे.